रील अखेर सरळ उचललं!

काल रात्री साडेअकराला माझ्या छोट्या कम्बाइन हार्वेस्टर मॉडेलचं रील (पीक आत ओढणारं पुढचं फिरतं चक्र) दोन्ही बाजूंनी एकसारखं वर गेलं. मी इतक्या जोरात ओरडलो की आई झोपेतून उठून गॅलरीत आली.

रील दोन टोकांच्या दोन तेलाच्या सिलिंडरांवर उचललं जातं, आणि दुखणं आधीपासूनचंच होतं. लीव्हर ओढला की डावी बाजू टुणकन वर, उजवी मागून रडत रडत. रील फिरवणारी मोटर उजवीकडे आहे, आणि टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन सिलिंडर समांतर जोडले की तेल भार कमी तिकडे आधी पळतं. डाव्या लाइनीत नीडल व्हॉल्व्ह (तेलाची धार बारीक करणारी तोटी) घालून तीन रविवार घालवले. गार तेलावर जुळायचं, पंप दहा मिनिटं चालून तेल पातळ झालं की पुन्हा वाकडं.

शेवटी खऱ्या कम्बाइनवर असते तशी मास्टर-स्लेव्ह जोडणी केली. पंपाचं तेल फक्त पहिल्या सिलिंडरला, म्हणजे मास्टरला; मास्टरच्या रॉडकडचं तेल थेट दुसऱ्याच्या, म्हणजे स्लेव्हच्या बुडाशी. पण माझे दोन्ही सिलिंडर १० मिमी बोअरचे (आतला व्यास), रॉड ४ चा. मास्टर ५० मिमी सरकला तर स्लेव्ह ४२ च! रॉड जागा खातो ना. रॉडभोवतीचं क्षेत्रफळ स्लेव्हच्या बोअरइतकं हवं. हिशेब मांडला आणि हसूच आलं: ६-८-१०, शाळेतला पायथागोरस. मास्टर १० बोअर, ६ रॉड. स्लेव्ह ८ बोअर. मास्टर मुद्दाम जड बाजूला ठेवला, म्हणजे मधल्या लाइनीत दाब कमी राहतो.

रॉड आणि ओ-रिंगा (सील करणाऱ्या रबरी कड्या) मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळाल्या. आधी ऑनलाइन मागवलेल्या रिंगा तेलात फुगल्या, ईपीडीएम रबराच्या असणार. नायट्राइल रबराच्याच घ्या, तेही विचारून.

मधल्या लाइनीतली हवा काढायला अख्खं हेडर (रीलसकट पुढचा कापणीचा भाग) उभं करून स्लेव्हचं युनियन (नळीचा जोड) ढिलं केलं. लादी अजून निसरडी आहे.

एक खोट उरली. वीसेक फेऱ्यांनंतर स्लेव्ह २ मिमी खाली राहतो, सीलमधून तेल झिरपतं. आता हेडर फ्लोटचा अ‍ॅक्युम्युलेटर (हेडर जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे तरंगतं ठेवणारी, दाबाखाली तेल साठवणारी टाकी) हाती घ्यायचा बेत होता, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: मास्टरच्या वरच्या टोकाला बोअरमध्ये बारीक खाच मारली, तर पूर्ण उचलल्यावर तेल पिस्टनला वळसा घालून स्लेव्हची तूट दर वेळी भरून काढेल. अ‍ॅक्युम्युलेटर थांबू दे. भांडुपच्या लेथवाल्या काकांना उद्याच गाठतो. ओ-रिंग कापली जाऊ नये म्हणून खाचेच्या कडा गुळगुळीत लागतील. कोणी केलंय का हे? खाच किती खोल ठेवलीत?