घेऊन जा गे मारबत

तान्हा पोळा, रात्री

आज गावात तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, भरला. पहिलं बक्षीस नेहमीप्रमाणे सगळ्यात मोठ्या नंदीला. आजोबांच्या काळातला सागवानी नंदी, चाकं लावलेला, ओढायला दोन मोठी माणसं. पोरगं आपलं फोटोपुरतं दोरीला हात लावून उभं. यात त्या पोराचं काय होतं, हे काही मला उमगत नाही. आणि ज्याच्या हातात वीतभर बैल, ते रांगेत मागं मागं सरकत जातं.

म्हणून यंदा पोळ्याआधी शाळेत आमचा वेगळाच पोळा चालू होता. बैल ज्याचा त्यानं घडवायचा, विकतचा चालणार नाही. आपली काळी कापसाची माती वाळली की तडकते. दुसऱ्या दिवशी खिडकीत बघते तर सगळे बैल बिनपायाचे. उभा फक्त एकाचा. चौथीतलं पोरगं, वाचताना अडखळतं म्हणून कायम मागच्या रांगेत. "कसा केला रे?" एवढंच विचारलं. "नुसती माती तडकते मॅडम. कुटार कालवा लागते, अन् सावलीत वाळू द्या लागते." कुटार म्हणजे भुसा. चूल लिंपताना आईजवळ बसून शिकलेलं. मग काय, पाचवीचे पोट्टेसुद्धा त्याच्यापुढं माती घेऊन बसले आणि हा त्यांना दटावतोय, "अबे, पाणी कमी टाक!"

"किती हुशार रे तू!" असं मी मुद्दामच म्हटलं नाही. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांच्या हुशारीचं कौतुक झालं ती मुलं अवघड कोडी अडल्यावर खचली, पुढची सोपी कोडीही त्यांना नीट जमेनात; आपले गुण वाढवून सांगणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं मात्र टिकून राहिली. "कसं केलंस?" या प्रश्नात पोराला आपलीच मेहनत आठवून सांगावी लागते. शिवाय ऐकणाऱ्यालाही काहीतरी कळतं, ते वेगळंच. हातानं काम करत शिकण्याची गांधीजींची नई तालीम १९३७ साली आपल्या वर्ध्यातच मांडली गेली. आम्ही मात्र कार्यानुभवाच्या तासाला गणित उरकतो.

सकाळची मारबत वेगळी. रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणत गावाबाहेर न्यायचा पुतळा. काड्या, फाटके फडके, जुनी टोपली. पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, जे नाव ऐकलं की राग येतो, ज्याची भीती वाटते, ते चिठ्ठीवर लिहा आणि मारबतीच्या पोटात कोंबा. मी वाचणार नाही. वाचलंही नाही. पण गावाबाहेर नेताना पोरं ओरडायला लागली तेव्हा आपोआपच कळलं. "रोगराई घेऊन जा गे मारबत" झाल्यावर एकीनं आवाज दिला, "भागाकार घेऊन जा गे मारबत!" मग दुसरा, "ढ म्हणणं घेऊन जा गे मारबत!" त्यावर सगळे इतक्या जोरात ओरडले की रस्त्यानं जाणारे दोघं पालक थांबून बघायला लागले. बरं झालं. "आमचं ध्यान काही कामाचं नाही" असं पोरासमोरच सांगणारे हेच.

संध्याकाळी झडत्या, पोळ्यात म्हणायची यमकं. पाठ केलेल्या नको, स्वतःची रचा, असं सांगितलं होतं. मागच्या रांगेतला पुढं आला आणि न अडखळता सुरू झाला:

काळ्या मातीत मूठभर कुटार,
बैल माहा लय दमदार,
मॅडम विचारते पाढे चार,
बैल म्हणते मी फरार!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

हसण्यात पाढ्यांचा विषय बुडाला. समोर धडा नसला की त्याची जीभ कशी मोकळी सुटते! आता त्याच्या तोंडच्या झडत्या त्यालाच लिहायला लावून वाचनाला घेणार आहे. बोजारा, म्हणजे पोरांची खुशी, द्यायला लोकांनी खिशात हात घातला, माझेही दहा रुपये गेले. मंडळाच्या लोकांना म्हटलं, पुढच्या वर्षी एक बक्षीस पोरांनी केलेल्या बैलाला आणि एक झडतीला ठेवा. "पाहू" म्हणाले. पाहू म्हणजे काय ते गावात सगळ्यांनाच माहीत आहे, तेव्हा दोन्ही बक्षिसांचे पैसे मीच आधी नेऊन देईन.

आता भुलाबाई, पोरींचा गाण्यांचा सण. ज्या पोरी वर्गात तोंड उघडत नाहीत, त्यांच्याकडे खिरापतीचा डबा द्यायचा. आत कोणता खाऊ आहे ते सगळ्याजणी ओळखत बसतील आणि उत्तर फक्त तिच्याकडे. कोणाच्या घरी काय परवडेल ते बघून यादी करायची आहे. मुरमुऱ्याची खिरापतही चालेल, ओळखायला तीच जास्त अवघड.