तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरच्या सहा रेघा

घरी कुणी पहिल्यांदा आलं की चहा येईपर्यंत त्यांची नजर माझ्या टेबलामागच्या भिंतीवर जाते. छोटीशी फ्रेम, आत शाईने काढलेल्या सहा आडव्या रेघा. काही अखंड, काही मधोमध तुटलेल्या. "हे चिनी भविष्याचं ना? तुम्ही मानता हे?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर निम्मी थट्टा असते आणि निम्मी आशा, की लगे हात मुलाच्या नोकरीचंही बघून देतील.

नाही हो बघत. नाणी टाकून बघितली होती, एकदाच, आणि तेही हात अडला होता म्हणून.

यी चिंग हा शकुन बघायचा प्राचीन चिनी ग्रंथ, त्यात अशा ६४ आकृत्या आहेत. तीन नाणी सहा वेळा टाकायची, दर खेपेला एक रेघ, खालून वर रचत जायची. जुनी रीत काड्यांची, ती फार वेळखाऊ. कोकणात आमच्याकडे देवाला कौल लावतात. फूल उजवीकडचं पडलं की डावीकडचं, एवढ्यावर काम होतं. यी चिंग तसं हो-नाही सांगत नाही. पुढ्यात एक चित्र ठेवतं आणि म्हणतं, बघ. चित्रं काढणाऱ्या माणसाला हे बरं पडतं.

मला आली ती १७वी आकृती. नाव स्वेइ. 'अनुसरण' म्हटलं की प्रवचनाचा वास येतो, म्हणून मी आपलं 'मागोमाग जाणं' म्हणतो. खालच्या तीन रेघा म्हणजे मेघांचा गडगडाट, वरच्या तीन म्हणजे तळं. गडगडाट तळ्याच्या पोटात जाऊन निजलाय. त्यावरचा सल्ला एवढाच, की अंधारून आलं की शहाण्याने घरात जावं आणि विसावा घ्यावा. चिनी परंपरेत गडगडाट हा घरचा थोरला मुलगा आणि तळं ही धाकटी मुलगी. म्हणजे थोरला धाकटीच्या खाली जाऊन बसलाय. ग्रंथातही तसंच म्हटलंय : जो बळकट, तो आपणहून मऊच्या खाली येतो. मागोमाग जाणं हे दुबळ्याचं काम, असं मी तोवर धरून चाललो होतो.

हात अडला होता तो पाण्यावर. चीनमधल्या दक्षिण सुंग राजवटीच्या काळातल्या (बारावं-तेरावं शतक) मा युआन या चित्रकाराची पाण्याची बारा चित्रं बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत. त्यांत माणूस नाही, होडी नाही, जवळजवळ सगळं पाणीच. कुठे रेघ थरथरते, कुठे आकड्यासारखी वळते, कुठे नुसती वाऱ्याने चुणी पडल्यासारखी. त्यांचे छापील फोटो समोर ठेवून मी आठ महिने गिरवत होतो. शाळेत कित्ता गिरवून गिरवून अक्षर वळणदार झालेलं, त्यामुळे गिरवण्यावर माझा भारी विश्वास. रेघ न् रेघ जुळायची. पाणी मात्र लाकडाचं. एका मित्राने बघून विचारलं, "ही कौलं आहेत का रे?"

गिरवणं चिनी चित्रकलेला कमीपणाचं कधीच वाटलं नाही. सहाव्या शतकाच्या सुमारास श्ये ह या चिनी कलासमीक्षकाने चित्रकलेची सहा सूत्रं सांगितली, त्यातलं शेवटचं सूत्र म्हणजे जुन्यांच्या नकला करून परंपरा पुढे नेणं. आणि चौथं सूत्र रंगाचं : वस्तूच्या जातीमागोमाग जाऊन रंग द्यावा. त्या 'मागोमाग'ला चिनीत जे अक्षर आहे तेच स्वेइ. हे कळल्यावर मी ते अक्षर चित्रकारांच्या लिखाणात शोधतच सुटलो, आणि सू शीपाशी येऊन थांबलो.

सू शी कवी, अंमलदार, चित्रकार, आणि खाण्याचाही शौकीन. कवितांतून दरबारावर टीका केली म्हणून १०७९ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं, आणि पुढच्या वर्षी यांगत्सेकाठच्या ह्वांगचौला हद्दपार केलं. तिथे शेती करता करता तो यी चिंगवर भाष्य लिहायला बसला. बापाचं अपुरं राहिलेलं काम होतं ते. ह्वांगचौच्या पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री त्याने पाण्याच्या चित्रांवर छोटं टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की पूर्वीचे चित्रकार पाणी सपाट, बारीक लहरींचं काढत. फार तर असा उंचवटा दाखवत, की लोक हात लावून बघत. ते छापील कागदासारखं पाणी. मग तांग राजवटीच्या अखेरीस (नववं शतक) सुन वेई हा चित्रकार आला. त्याचं पाणी खडकाशी वळलं, समोर जे येईल त्याच्या मागोमाग आकार घेत गेलं. इथेही तेच अक्षर, स्वेइ.

पुढची गोष्ट मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ऐकून घ्या. सुन चिवेई नावाच्या चित्रकाराला चेंगदूच्या एका मठात चार भिंतींवर पाणी आणि खडक काढायचे होते. वर्ष उलटलं तरी हा ब्रशच उचलेना. एक दिवस धावत मठात शिरला, घाईघाईने ब्रश-शाई मागितली, बाह्या वाऱ्यासारख्या उडत होत्या, आणि बघता बघता काम संपलं. पाणी असं उसळलं, की घर कोसळेल असं वाटावं. तो गेल्यावर ती हातोटी पन्नासहून जास्त वर्षं नाहीशी झाली. मग चेंगदूचाच फू युंगशंग, दारूचा शौकीन, पुन्हा जिवंत पाणी काढू लागला. त्याने सू शीला याच भिंतींवरच्या पाण्याच्या २४ नकला करून दिल्या. भर उन्हाळ्यात त्या पांढऱ्या भिंतीवर टांगल्या की गार वारा येऊन अंगावर काटा उभा राहतो, असं सू शी लिहितो. दुसऱ्या काही नावाजलेल्या चित्रकारांच्या पाण्याला तो सरळ 'मेलेलं पाणी' म्हणतो.

म्हणजे फूनेही गिरवलंच होतं. मग माझंच पाणी लाकडाचं का? १७व्या आकृतीत दुसऱ्या रेघेवर लिहिलंय : पोराला बिलगलास, तर जाणता माणूस हातचा गेला. तिसरीवर नेमकं उलट. मी मा युआनच्या रेघेला बिलगलो होतो. मा युआन ज्याच्या मागोमाग गेला ते पाणी माझ्या आठ महिन्यांत एकदाही मी जाऊन बघितलं नव्हतं, आणि माझ्या घरापासून खाडी बारा मिनिटांवर आहे! (फूबद्दल आणखी एक : श्रीमंतांनी दरडावून चित्र मागितलं की तो हसून चालता व्हायचा, मनात आलं तर मात्र गरीब-श्रीमंत बघायचा नाही. कुणाच्या मागोमाग जायचं नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.)

मग भरती-ओहोटीची वेळ बघून खाडीवर जाऊ लागलो. चित्र काढायचं नाही, नुसतं बसायचं. सुन चिवेईसारखं धावत घरी येण्याचा प्रसंग अजून आलेला नाही. पाण्याच्या एका कागदाला मात्र मित्र कौलं म्हणाला नाही. "हं" म्हणाला, तेवढं मी ठेवून घेतलंय.

फ्रेमचंही सांगतो. फ्रेमवाल्याने ती उलटी बसवून दिली होती. सहा रेघाच त्या, कुणाला काय कळणार. मलाही चार महिने कळलं नाही. १७वी आकृती उलटी धरली की १८वी होते. तिचं चिनी अक्षर म्हणजे भांड्यात पडलेले किडे. अर्थ, ठेवून ठेवून कुजलेलं. आणि ते बरोब्बर त्या आठ महिन्यांतले शेवटचे चार महिने होते. योगायोगच, दुसरं काय. तरीही हल्ली साफसफाईसाठी फ्रेम उतरवली की टांगण्याआधी मागे पेन्सिलीने काढलेला बाण बघून घेतो.