आज आकडे मी सांगितले

स्प्रिंग बदलून गाडी जरा खाली बसवल्यापासून पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजत होते. दोनदा अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) करून आणलं, दोन्ही वेळा स्क्रीनवर सगळं हिरवं. पण हिरवं म्हणजे आकडा कंपनीच्या मर्यादेत आहे, एवढंच. माझा टो (वरून पाहिल्यावर चाकं पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) त्या मर्यादेच्या अगदी टोकाला, चाकं बाहेर फाकलेली, आणि मशीन मात्र खूश!

आज दुसऱ्या गॅरेजमध्ये कागदावर लिहूनच नेलं: पुढे कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत झुकलेली) उणे १ अंश, दोन्हीकडे सारखा, टो जवळपास शून्य. मेकॅनिकने कागद नीट वाचला आणि विचारलं, "गाडीत बहुतेक वेळा एकटेच असता का?" हो म्हटल्यावर त्यांनी मलाच ड्रायव्हर सीटवर बसवलं, कारण माणसाच्या वजनानेही चाकांचे कोन बदलतात. हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, खरंच बरं वाटलं.

आधी हवा तपासली, बॉल जॉइंट (चाकाकडचे फिरते सांधे) हलवून पाहिले. मग मागची चाकं, नंतर पुढचा कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. उजवा कॅम्बर उणे १.२ वर अडला. मी म्हटलं, मग डावाही तिथेच ठेवा. दोन्हीकडे फरक राहिला तर गाडी एका बाजूला ओढते.

आधीचे आणि नंतरचे आकडे असलेली प्रिंट गाडीच्या कागदांत ठेवली आहे. येताना स्टिअरिंग अगदी सरळ होतं.