घाट चढणाऱ्या डब्यांखाली काय बसवायचं?

गोव्यातल्या कुळ्याहून कॅसल रॉककडे घाट चढून जाणारी गाडी एकट्या इंजिनाच्या जिवावर चढत नाही. दर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. मागून बँकर इंजिनं लागतात आणि अख्खी गाडी ढकलत नेतात. हाच घाट मी फोंड्याला घरच्या वरच्या खोलीत मॉडेल रेल्वेच्या १:८७ प्रमाणात उभा केलाय, आणि डब्यांच्या स्प्रिंगांचा सगळा खटाटोप या ढकलण्यापायीच झाला. ओढली जाणारी गाडी रुळांचे बरेच दोष पोटात घालते. ढकलली की वळणावर प्रत्येक डबा बाहेरच्या बाजूला रेटला जातो, आणि ज्या चाकावर वजन नाही ते चाक आतल्या अंगाची खाली उतरलेली कड रुळावर चढवून घसरून मोकळं होतं.

माझे डबे जुन्या निळ्या आयसीएफचे, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे. पेरांबूरच्या कारखान्यात २०१८ पर्यंत होत होते ते. माझ्या प्रमाणात एक डबा साधारण २४५ मिलिमीटर लांब येतो. डब्याखालच्या चार चाकांच्या गाड्याला रेल्वेतली माणसं ट्रॉली म्हणतात, मीही तेच म्हणतो. खऱ्या ट्रॉलीत दोन आसांमधलं अंतर २,८९६ मिमी, म्हणजे माझ्याकडे ३३.३. चाकाचा व्यास ९१५ मिमी, म्हणजे साडेदहा. अमेरिकी मॉडेलवाल्यांची ३६ इंची चाकं नेमकी याच मापाची असतात, त्यामुळे चाकं घडवायची कटकट वाचली. रुळांची रुंदी मात्र १६.५ मिमीच ठेवलीय. आपल्या ब्रॉडगेजला खरं तर १९.३ हवी, पण तेवढ्यासाठी सगळे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा) हाताने बनवायचे, ही हौस माझ्या वयाला झेपणारी नाही.

खऱ्या ट्रॉलीत स्प्रिंग दोन जागी असतात. एक आसांच्या टोकांवरच्या पेट्यांपाशी, तिथेच हेलकावे शमवणारे तेलाचे डॅशपॉट. दुसरी मधल्या बोल्स्टरखाली, म्हणजे डबा पेलणाऱ्या आडव्या तुळईखाली. मग मॉडेलमध्येही तसंच करावं, असं कुणालाही वाटेल. फोंड्याजवळ फार्मगुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा माझा पुतण्या याच मताचा होता. त्याने आणलेल्या इवल्याशा गुंडाळ्यांच्या स्प्रिंगा बसवून बघितल्या आणि डबा रुळावर ठेवला.

"काका, दाबल्या जातच नाहीत त्या. डबा हलका पडतो," तो म्हणाला.

इथेच प्रमाणाचं गणित आडवं येतं. लांबी ८७ पट कमी होते, पण वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पट. ४० टनांचा रिकामा डबा १:८७ मध्ये ६१ ग्रॅमचा भरेल. तेवढ्या वजनात रुळावर काहीच टिकत नाही, म्हणून अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मूळ एक औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, असं वजन भरतात. माझ्या डब्याला ते साधारण १६५ ग्रॅम येतं. खऱ्याच्या मानाने पावणेतीनपट जड, तरी प्रत्येक चाकाच्या वाट्याला फक्त २० ग्रॅम. एवढ्याशा ओझ्याखाली वाकेल अशी स्प्रिंग फारच नाजूक लागते. शिवाय जागेत बसावी म्हणून ती अर्धी कापली, तर ती मऊ नाही, उलट दुप्पट ताठ होते. (वजनासाठी मी गळाला लावायचं शिसं वापरतो, हातोडीने चपटं करून डब्याच्या तळाला चिकटवतो. नंतर हात साबणाने धुवायचे, आणि हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही. घरी दोन्हींबद्दल बोलणी खाल्लीत.)

त्याआधी, स्प्रिंग हवीच कशाला ते बघणं भाग होतं. माझा घाट प्लायवूडच्या फळ्यांवर आहे. जून लागला की प्लायवूड फुगतं, दोन फळ्यांच्या जोडावर एक रूळ अर्धा मिलिमीटर वर येतो, आणि दसऱ्याच्या सुमारास परत बसतो. चतुर्थीला पाहुणे गाडी बघायला वर येतात ते नेमके या दिवसांत. म्हणजे माझ्या रुळांचा दोष हा धक्क्यांचा नाहीच, पिळाचा आहे. एका बाजूचा रूळ वर, दुसऱ्या बाजूचा होता तिथेच.

पीळ मोजायची युक्ती सोपी. काचेवर डबा ठेवायचा, एका चाकाखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं. माझं कार्ड व्हर्नियरवर ०.३ मिमी भरलं. मग बाकीच्या प्रत्येक चाकाखाली टिश्यूची पट्टी घालून ओढून बघायची. जिथे पट्टी अलगद निघते, ते चाक अधांतरी. साध्या, ताठ ट्रॉलीत एक पट्टी दर वेळी निघायची. बाजारात मिळणारे बहुतेक डबे असेच असतात आणि सपाट रुळांवर ते छान धावतात, कारण चाकाची कड साधारण ०.६ मिमी खाली असते आणि वजन नसलं तरी चाक रुळाच्या आत राहतं. ओढून नेणाऱ्यांनी यापुढे जायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दोन गोष्टी वेगवेगळ्या करून बघितल्या: डबा ट्रॉलीवर कसा बसतो, आणि ट्रॉली रुळांवर कशी बसते.

पहिलीचं उत्तर तिवईत आहे. तीन पायांची तिवई कुठल्याही अंगणात डगमगत नाही. डबा दोन्ही ट्रॉल्यांवर रुंद टेकवला तर चार पाय होतात, आणि पीळ आला की समोरासमोरच्या कोपऱ्यांतला एक टेकू मोकळा पडतो. म्हणून एका ट्रॉलीवर दोन टेकू आणि दुसरीवर मधोमध एकच. आयसीएफच्या खऱ्या ट्रॉलीत डब्याचा भार मधल्या पिव्हटवर, म्हणजे ट्रॉली ज्याभोवती वळते त्या खुंटीवर, नसतोच. तो १,६०० मिमी अंतरावरच्या दोन साइड बेअररवर, म्हणजे बाजूच्या टेकूंवर असतो, पिव्हट फक्त ओढण्या-ढकलण्यापुरता. माझ्या मापात ते अंतर १८.४ मिमी येतं. पुढच्या ट्रॉलीवर मी त्याच जागी पितळेचे दोन ठिपके डाखले. मागच्या ट्रॉलीवर मधोमध पितळी गोल डोक्याचा स्क्रू, ज्यावर ती सगळीकडे झुलते. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला.

दुसऱ्या गोष्टीसाठी पुतण्या तारेवर अडून बसला होता, आणि त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. आसाच्या प्रत्येक टोकाला वरखाली सरकणारी छोटी पेटी, तिच्या डोक्यावर आडवी पोलादी तार, तारेला दोन्ही बाजूंना आधार. त्याने वहीत हिशेब मांडला: २० ग्रॅमला अर्धा मिलिमीटर खचायला हवी, तर पाव मिलिमीटर जाडीच्या तारेला आधारांमधलं अंतर साधारण १७ मिमी ठेवायचं. ही तार कुठे मिळणार, तर गोव्यात हा प्रश्न पडायलाच नको. मडगावच्या वाद्यांच्या दुकानात गिटारची दहा नंबरची पहिली तार मागितली. तिची जाडी ०.०१० इंच, म्हणजे ०.२५ मिमी. दुकानदाराने विचारलं, कुठल्या गिटारला? आगगाडीला, म्हटल्यावर त्याने एक नऊची आणि एक बाराचीही काढून दिली. ते बरंच झालं, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाराची तार दहापेक्षा दुप्पट ताठ. तिच्यावर डबा जेमतेम पाव मिलिमीटर खचला. नऊवर पाऊण मिलिमीटर खचला आणि वळणावर झुलायला लागला. दहाच बरोबर.

त्या एका डब्याची चाल खरंच बघण्यासारखी आहे. सांध्याच्या क्रॉसिंगवर बाकीचे डबे टक्‌ टक्‌ करतात, हा नुसता सरकतो. कार्डाची परीक्षा तो पूर्ण पास झाला. आठही डबे असे करायचा मोह मलाही झाला होता.

पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलरची उंची. वजन पाच-दहा ग्रॅमने कमीजास्त झालं की डबा वर किंवा खाली जातो आणि शेजारच्याशी कपलर जुळत नाही. ढकलताना हे चालत नाही, कारण सगळा जोर कपलरमधूनच जातो. आठ डब्यांचं मिळून वजन १,३२० ग्रॅम, म्हणजे ३७ला १ च्या चढावर नुसत्या चढासाठी ३६ ग्रॅमचा रेटा, घर्षण वेगळं. दुसरी गोष्ट आमची हवा. पोलादी तार एका पावसाळ्यात तांबारते, आणि तांबारलेली तार पेटीत अडकते. फॉस्फर ब्राँझची तार गंजत नाही, पण ती पोलादाच्या निम्मीच ताठ. तेवढ्याच जाडीची घेतली तर आधार १४ मिमीवर आणावे लागतात. आणि गिटारच्या फॉस्फर ब्राँझ तारा इथे उपयोगाच्या नाहीत, त्यांच्या आत पोलादच असतं, ब्राँझ फक्त वरून गुंडाळलेलं.

म्हणून बाकीच्या सात डब्यांना मी स्प्रिंगच दिली नाही. ट्रॉलीच्या दोन बाजू सुट्या केल्या. एक बाजू मधल्या आडव्या पट्टीला डाखलेली, दुसरी एक मिलिमीटरच्या पितळी तारेच्या खिळीवर झुलणारी. खिळी आसांना समांतर आणि बाजूच्या बरोब्बर मध्यावर, म्हणजे दोन्ही चाकांवर वजन सारखं. झुलणं अर्ध्या मिलिमीटरवर थांबेल अशी अडणी ठेवली. जास्त सोडलं तर डबा उचलताना चाकं लोंबतात आणि परत रुळावर ठेवणं जिकिरीचं होतं. आसाची टोकदार टोकं पितळी वाट्यांत फिरतात, तिथे सुईच्या टोकाएवढं हलकं तेल. बाहेरून थ्रीडी प्रिंट केलेली स्प्रिंगांची आणि डॅशपॉटची नक्षी चिकटवली. ती शोभेचीच, पण चतुर्थीला कुणी वाकून बघितलं तर आयसीएफ म्हणून ओळखेल.

कार्डाच्या परीक्षेत आठही चाकं पट्टी धरून ठेवतात. कपलरची उंची एकदा वॉशरने जुळवली की हलत नाही. तारेचा डबा गाडीच्या मधोमध ठेवलाय. बँकरला लागून असलेल्या डब्यात २०० ग्रॅमपर्यंत शिसं भरलंय, कारण सगळ्यात जास्त रेटा तोच खातो. भर पावसाळ्यात, जोड वर आलेला असताना, आठ डबे दूधसागरचं वळण ढकलत चढून गेले.

आता आयसीएफच्या जागी आलेले नवे एलएचबीचे डबे करायचे आहेत. त्यांच्या फियाट ट्रॉलीत आसांमधलं अंतर २,५६० मिमी, म्हणजे २९.४, आणि डबा जवळजवळ २७१ मिमी लांब. वजनाच्या त्याच नियमाने तो १८० ग्रॅमचा होईल, म्हणजे चाकामागे दोनेक ग्रॅम जास्त. पुतण्याने वही परत उघडलीय. या वेळी ब्राँझची नुसती तार कुठून मिळते ते तोच शोधतोय.