चारपेडी रिबीन-वेणी: खांद्याशी विणीत दिसणारा सांधा अखेर गेला

तीन पेड केसांचे आणि चौथा रिबिनीचा, अशी वेणी मी घालतेय. तिच्यात खांद्याशी वीण तुटून जोडल्यासारखा एक सांधा दिसायचा. मागच्या तीन नोंदींत ज्या सांध्यावरून मी वैतागले होते तो हाच, आणि त्याचं कारण काल रात्री सापडलं. दोष रिबिनीचा नव्हताच!

गुडघ्याला टेकणारे केस मागे हात नेऊन शेवटपर्यंत विणता येत नाहीत. मानेखाली दोन वीत उतरलं की हात भरून येतात आणि वेणी खांद्यावरून पुढे घ्यावी लागते. माझी रिबीन तिथवर मधोमध सुरेख उतरायची, पुढे मात्र वीण उलटी व्हायची. वर रिबिनीचे तुकडे एका बाजूला झुकलेले, खाली दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक फुगीर घडी. आधी सॅटिनला बोल लावला, मग ग्रोसग्रेन, म्हणजे आडव्या उठावदार रेघांची रिबीन, आणली, मग रुंदी वाढवली. घडी हलली नाही. पाच वेळा वेणी उसवली.

सहाव्या वेळी पुढे घेण्याआधी डाव्या कडेच्या पेडाला लाल चिमटा लावला. वेणी पुढे ओढली आणि चिमटा उजव्या हातात! वेणी मानेला वळसा घालून येते तेव्हा तिची अर्धी फिरकी होते, म्हणून डावा पेड उजवीकडे जातो. माझे हात मात्र जुनाच पाठ गिरवत होते: डावा पेड शेजारच्या पेडाखालून, रिबिनीवरून, उजवा शेजारच्या पेडावरून, रिबिनीखालून. म्हणजे खांद्यापासून मी आरशातली वेणी घालत होते.

उपाय एवढाच, की वेणी पुढे आली की हातांची कामं अदलाबदल करायची. उजवा खालून-वरून, डावा वरून-खालून. पहिले चार वेढे अगदी सावकाश, तोंडाने म्हणत घातले. मग हात बसला. शेंड्याला गाठ मारून वेणी मागे टाकली, दोन आरसे धरून पाहिलं. वरपासून खालपर्यंत एकच सलग नागमोडी निळी रेघ, सांधा कुठेच नाही. कितीतरी वेळ तशीच उभी होते.

रिबिनीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. गुळगुळीत सॅटिन लांब वेणीत घसरते आणि तिची मागची मंद बाजू मधूनच डोकावते. ग्रोसग्रेनच्या आडव्या रेघा केसांना धरून ठेवतात. दीड सेंटीमीटर रुंदी वरच्या जाड पेडांना शोभते, पण शेंड्याकडे पेड बारीक होतात आणि रिबीनच दिसत राहते. तिथे रुंदी निम्मी होईल अशी तिची उभी घडी घालते. पॉलिस्टरच्या रिबिनीची टोकं मेणबत्तीच्या आचेवर हलकेच वितळवा, सुटत नाहीत.

गुंत्याचा जुना त्रास आहेच. वर जेवढं विणाल तेवढीच उलटी वीण खाली मोकळ्या केसांत बनत जाते. दर पाच-सहा वेढ्यांनी पेड वेगळे ओढून घेते. रिबिनीचं उरलेलं टोक गुंडाळून छोट्या रबरात अडकवलं तर रिबीनही गुंत्यात सापडत नाही.

पुढची पाळी पाचपेडीची, दोन रंगांच्या रिबिनी घेऊन, असं ठरवून लिहायला बसले होते. पण आता वाटतंय, जी उलटी वीण महिनाभर छळत होती ती मुद्दामच घालावी. दर वीतभर अंतरावर हातांची अदलाबदल केली तर रेघ आळीपाळीने दोन्हीकडे झुकेल. घडी फुगू नये म्हणून वळणावर रिबीन बोटाने सपाट धरून पेड एकदा आवळायचा. पाचपेडी थांबेल. उद्या केस विंचरून, पूर्ण वाळल्यावर, हेच आधी करून बघते.