पद्मिनीचा क्रँक किती घासायचा, हे ठरवताना

प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन उघडलं, तेव्हा एक गोष्ट पक्की होती. स्वतः मोजल्याशिवाय क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा इंजिनाचा दांडा) मशीन शॉपला द्यायचा नाही. कोल्हापुरात उद्यमनगर हाताशी असल्यामुळे ग्राइंडिंगची अडचण नाही. पण घासून गेलेलं लोखंड परत येत नाही आणि पद्मिनीचा चांगला क्रँक आता शोधावा लागतो.

क्रँक ब्लॉकमध्येच असताना डायल गेज लावून पुढे-मागे ढकलून पाहिला. हालचाल ०.१८ मिमी आली, म्हणजे थ्रस्टची, लांबीच्या दिशेनं जास्त सरकण्याची, काळजी नव्हती. मग प्रत्येक कॅपवर (बेअरिंगचा बोल्टनं कसायचा खालचा अर्धा भाग) नंबर आणि दिशा मारून घेतली. कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला, हे इथे चुकून चालत नाही.

खरी गोष्ट सांगितली ती बेअरिंगच्या शेल्सनी, म्हणजे आतल्या अर्धगोल पत्र्यांनी. नवे शेल आणायच्या घाईत जुने भंगारात फेकून देतात, याचं मला वाईट वाटतं. कारण क्रँक का झिजला, हे त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमध्ये स्फोटाचा मार वरच्या शेलवर येतो, क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगमध्ये खालच्या, म्हणजे कॅपमधल्या शेलवर. त्यामुळे तिथे झीज जास्त दिसली तर ती नेहमीची. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलाय का ते तपासायचं. शेलची पाठ घासून चकचकीत झाली असेल तर शेल घट्ट बसलेलाच नव्हता. माझ्या शेल्सवर गोल फिरलेल्या बारीक रेघा होत्या आणि मऊ थरात कचऱ्याचे काळे कण रुतले होते. तिसऱ्या रॉडच्या वरच्या शेलवर तर आतला तांबूस थर उघडा पडला होता. दोष तेलातल्या घाणीचा, हे तिथेच कळलं.

मग मायक्रोमीटर. प्रत्येक जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, दोन्ही टोकांकडे आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजला. काटकोनातला फरक म्हणजे ओव्हॅलिटी, दोन टोकांमधला फरक म्हणजे टेपर. तिसरी पिन, म्हणजे तिसऱ्या रॉडचा जर्नल, ०.०४ मिमी ओव्हल निघाली. साधारण ०.०२५ च्या वर गेलं की नुसते नवे शेल टाकणं म्हणजे पैसे वाया. या इंजिनाला मेन बेअरिंग तीनच. दोन आणि तीन नंबरच्या पिना एकाच बाजूला असल्यामुळे त्यांचा भार मधल्या मेनवर एकत्र येतो. तो जर्नलही ०.०३ ओव्हल होता. टोकाचे दोन जर्नल व्ही ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून मधल्यावर डायल लावला, तर काटा ०.०२ फिरला. वाक त्याच्या निम्मा, म्हणजे क्रँक सरळच.

मशीन शॉपचे मिस्त्री म्हणाले, "थेट ०.५० करूया, एकदम साफ निघंल." म्हणजे जर्नलचा व्यास अर्धा मिमी कमी.

मी आकड्यांचा कागद पुढे केला. "मामा, ०.२५ मध्ये प्रत्येक बाजूनं सव्वाशे मायक्रॉन जातात. एवढ्यात साफ निघायलाच हवं. पुढच्या वेळेसाठी एक साइज शिल्लक ठेवूया."

त्यांनी कागद नीट वाचला, नखानं रेघा चाचपल्या आणि मान्य केलं. मात्र शेल हातात आल्याशिवाय ग्राइंडर लावणार नाही, ही त्यांची अट होती आणि ती अगदी रास्त होती. साइज बाजारात मिळाली नाही, तर घासलेला क्रँक घेऊन बसायचं. ०.२५ चे शेल जुन्या बाजारातल्या एका दुकानात पॅकबंद मिळाले. ग्राइंडिंगआधी चुंबकीय तपासणीत चीर नाही याची खात्री झाली. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवायला मी बजावून सांगितलं. तिथे धारदार कोपरा राहिला तर क्रँक तिथूनच तुटतो.

परत आल्यावर तेलाच्या वाटांचे प्लग काढून रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं आतून साफ केलं. काळा चिखल निघाला. ग्राइंडिंगचा चुराही त्यातच होता.

शेवटी प्लास्टिगेज, म्हणजे जर्नल आणि शेलमधली फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा बारीक धागा; तो दबून किती रुंद होतो त्यावरून फट कळते. शेल कोरडे, कॅप टॉर्क रेंचनं कसलेली, क्रँक अजिबात न फिरवता. ओव्हॅलिटी यातून कळत नाही, म्हणून हे मायक्रोमीटरनंतरच करायचं. मेनवर ०.०५ आणि पिनांवर ०.०४ मिमीची फट आली. त्यानंतर ब्लॉक बोअरिंगला दिलाय. पिस्टन-रिंगा मिळाल्या की जोडकाम सुरू करणार आहे.