डॉक्स-दुरुस्तीची नोंदवही: एक ‘टी’ आणि दोन आडव्या रेघा

मंडळी, मागच्या नोंदीला दोन महिने झाले. आधी हिशेब: ओपनस्टॅक या क्लाउड उभारायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या डॉक्सवर (माहितीच्या पानांवर) नऊ पॅच (दुरुस्तीचे प्रस्ताव) टाकले, सहा मर्ज झाले (मुळात सामील झाले), एक मीच अबँडन केला (सोडून दिला), दोन लटकलेत. बदललेल्या ओळी सगळ्या मिळून चाळीससुद्धा भरणार नाहीत.

सगळ्यात जास्त समाधान एका अक्षराने दिलं. एका ॲडमिन गाइडमध्ये व्हॉल्यूम (क्लाउडमधली डिस्क) दुसऱ्या प्रोजेक्टकडे सोपवण्याच्या पायऱ्या दिल्या होत्या. त्याआधी व्हॉल्यूम कुठल्याही इन्स्टन्सला (आभासी मशीनला) जोडलेला नसावा लागतो. वाक्यात मात्र ‘नॉट’च्या जागी ‘नाउ’ पडलं होतं, टीऐवजी डब्ल्यू. म्हणजे ‘जोडलेला नसावा’चं झालं ‘आता जोडलेला असावा’. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, कोडस्पेल हा स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम त्याकडे ढुंकूनही बघणार नाही. मलाही नुसतं वाचून दिसलं नसतं. डेव्हस्टॅक (चाचणीसाठीचा छोटा ओपनस्टॅक) उभा करून पायऱ्या हाताने करत होतो, तिथे ट्रान्सफर रिक्वेस्ट नाकारली गेली. मी आधी स्वतःचीच कॉन्फिग फाइल उलटीपालटी केली. पाऊण तास गेल्यावर ते वाक्य बोट ठेवून वाचलं.

दुसरी सापडलेली जात बॅकटिकची, म्हणजे ` या चिन्हाची. मार्कडाउन या मजकूर लिहायच्या पद्धतीतून आलेली माणसं कमांडला एकेरी बॅकटिक लावतात. आपल्याकडे आरएसटी ही वेगळी पद्धत आहे, कोडसाठी दुहेरी लागतात. एकेरी लावले तरी त्यातून पानं बनवणारा स्फिंक्स कुरकुर करत नाही, शब्द तिरपा छापून मोकळा होतो. एवढंच असतं तर मी हात लावला नसता. पण कोड नसलेल्या मजकुरात दोन हायफन शेजारी दिसले की स्फिंक्स मूळ सेटिंगमध्ये त्यांची एक लांब रेघ करतो. ऑप्शनच्या आधीच्या दोन रेघांची अशी एकच होते. पानावर सुबक दिसते, कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवली की कमांड अडते. नवखा माणूस त्या रेघेवर संशय घेईल का? तो पासवर्ड बदलून बघेल, व्हर्च्युअल-एन्व्ह (पायथनचं वेगळं वातावरण) पुन्हा बनवेल. अशा सात जागा एकाच पानावर मिळाल्या.

आता फजिती. कॉन्फिगरेशन रेफरन्समध्ये (सेटिंगच्या यादीच्या पानांमध्ये) एका अनेकवचनाचा ‘एस’ सुटलेला दिसला. डॉक्सच्या फोल्डरमध्ये ग्रेप मारला (मजकूर शोधला), वाक्य सापडेना. ती पानं हाताने लिहिलेली नसतातच. प्रत्येक ऑप्शनचा हेल्प मजकूर पायथनच्या कोडमध्ये असतो आणि ऑस्लो-कॉन्फिग या ओपनस्टॅकच्या सेटिंग-लायब्ररीचं स्फिंक्स एक्स्टेन्शन तिथून पान तयार करतं. गेलो कोडमध्ये, ‘एस’ घातला, गिट रिव्ह्यू मारलं (पॅच तपासणीला पाठवला). फक्त डॉक्स बदलले असतील तर झूल (पॅचवर आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा) टेम्पेस्टचे, म्हणजे अख्ख्या क्लाउडच्या चाचण्यांचे, जड जॉब वगळतो. इथे फाइल कोडची, त्यामुळे सगळी वरात निघाली. एका ‘एस’साठी कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये अख्खा क्लाउड उभा राहिला आणि पाडला गेला. वर रिव्ह्यूअरचा −१ (नापसंतीचं मत). त्याचं म्हणणं रास्त होतं: त्याच फाइलमध्ये तशाच आणखी चार चुका होत्या, एकेकीसाठी वेगळी वरात काढू नका. कमिट अमेंड केली (तीच नोंद सुधारली), चेंज-आयडी (पॅचची ओळख) तसाच ठेवला, दुसऱ्या पॅचसेटमध्ये (त्याच पॅचच्या नव्या आवृत्तीत) पाचही गेल्या.

(नावापुढचा आकडा फुगवायला टायपोगणिक एक पॅच टाकणारे लोक असतात. वैताग येतो. माझाही तो पॅच बाहेरून तसाच दिसला असणार.)

मराठी माणसाची एक अडचण मला या महिन्यात नीट कळली. सुटलेलं ‘द’ मला दिसत नाही. आपल्या भाषेत आर्टिकल नाहीच, त्यामुळे डोळा त्या रिकाम्या जागेवरून सरळ पुढे जातो. उलट नाम असलेलं ‘लॉगिन’ आणि क्रियापद असलेलं ‘लॉग इन’, तसंच ‘सेटअप’ आणि ‘सेट अप’, हे लगेच खटकतं. आता ‘द’साठी मी वाक्य मोठ्याने वाचतो. घरच्यांना वाटतं मीटिंग चालू आहे.

‘नॉट’वाला पॅच अजून संपलेला नाही. मास्टरमध्ये (मुख्य शाखेत) मर्ज झाला तेव्हा मी खूश होतो. मग लक्षात आलं की प्रत्येक रिलीजची पानं वेगळी, आणि जुन्या आवृत्तीवर काम करणारा ॲडमिन जुनंच पान उघडणार. मग चेरी-पिक, म्हणजे तोच बदल जुन्या शाखांत नेणं. आधी स्टेबल २०२५.२, त्यानंतर २०२५.१; मधली शाखा गाळून उडी मारायची नाही. पहिला गेल्या आठवड्यात मर्ज झाला. दुसऱ्याला झूलचा +१ आणि एका कोअरचा (मंजुरीचा हक्क असलेल्या रिव्ह्यूअरचा) +२ मिळालाय. वर्कफ्लोचा +१ (मर्ज करायचा अंतिम होकार) अजून कुणी दिलेला नाही, आणि आठवण करायला किती दिवस थांबायचं याचा अंदाज मला अजून येत नाही. तुम्ही किती थांबता?